मराठी घराच्या संगणकावर लिबरऑफिस

नवा संगणक घरी आला की त्यावर आधीच बसवलेल्या मायक्रोसॉफ्ट ऑफिसची चाचणी-मुदत पुष्कळदा महिनाभरातच संपते, आणि मुलांचे प्रकल्प, सोसायटीच्या सभेची सूचना, घरखर्चाचा हिशेब व अर्जांची पत्रे यांचे काय करायचे हा प्रश्न उभा राहतो. वर्षाची वर्गणी भरणे हा त्यावरचा एक मार्ग आहे. ओळखीच्या माणसाकडून क्रॅक केलेली प्रत बसवून घेणे हा आपल्याकडचा दुसरा आणि फार रुळलेला मार्ग आहे. तो बेकायदेशीर तर आहेच, शिवाय अशा प्रती चालू करण्यासाठी जे छोटे प्रोग्राम वापरले जातात त्यांच्यासाठी अँटिव्हायरस बंद ठेवायला सांगतात, आणि जिथे बँकेचे व्यवहार होतात त्या संगणकाचे दार आपण आपल्या हाताने उघडे टाकतो. या दोन्हींची गरज बहुतेक घरांना नाही, असे माझे ठाम मत आहे. लिबरऑफिस हे लेखन, हिशेब व सादरीकरणासाठीचे मोफत सॉफ्टवेअर मी बराच काळ मुख्यतः मराठी लेखनासाठी वापरत आहे आणि हे परीक्षण त्याच दृष्टीने लिहिले आहे.

त्याचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगतो, कारण ‘फुकट आहे म्हणजे यात काहीतरी गोम असणार’ ही शंका रास्त आहे. जर्मनीतील स्टारडिव्हिजन या कंपनीचे स्टारऑफिस १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतले आणि पुढच्या वर्षी त्याचा स्रोत, म्हणजे प्रोग्रामची मूळ संहिता, सर्वांसाठी खुला केला. त्यातून ओपनऑफिस घडले. २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलकडे गेल्यावर त्यावर काम करणाऱ्या अनेकांनी त्याच वर्षीच्या सप्टेंबरात वेगळी वाट धरली आणि लिबरऑफिस सुरू केले. आज बर्लिनमधील ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ ही ना-नफा संस्था त्याचा कारभार पाहते. जर्मनीच्याच श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने सुमारे ३०,००० सरकारी संगणक लिबरऑफिसवर नेण्याचा निर्णय २०२४ मध्ये जाहीर केला. घरगुती ग्राहकाच्या दृष्टीने यातले महत्त्वाचे असे की लिबरऑफिसचा वापर-परवाना घरापुरता मर्यादित नाही. अनेक मोफत प्रोग्राम ‘केवळ वैयक्तिक वापरासाठी’ असतात, त्यामुळे घरात शिकवणी चालवणाऱ्या किंवा छोटा व्यवसाय करणाऱ्या व्यक्तीला ते वापरण्याचा हक्कच राहत नाही. लिबरऑफिस कितीही संगणकांवर बसवावे आणि धंद्यासाठीही वापरावे, त्याला आडकाठी नाही. संकेतस्थळावर देणगीची विनंती दिसते. ती ऐच्छिक आहे.

सॉफ्टवेअर निवडण्याइतकेच ते कोठून उतरवून घेतो हेही महत्त्वाचे आहे, आणि माझ्या मते मोफत सॉफ्टवेअर शोधणारे बहुतेक लोक फसतात ते याच टप्प्यावर. शोधयंत्रात नाव टाकल्यावर सर्वांत वर येणारा दुवा जाहिरातीचा असू शकतो, आणि ‘मोफत डाउनलोड’च्या मोठमोठ्या हिरव्या बटणांनी भरलेली संकेतस्थळे मूळ प्रोग्रामसोबत नको ती साधनेही बसवतात. ही भीती काल्पनिक नाही. एकेकाळी खुल्या सॉफ्टवेअरचे सर्वांत विश्वासाचे भांडार मानल्या गेलेल्या सोर्सफोर्जवरच २०१५ मध्ये गिंप या चित्रसंपादकाच्या विंडोज आवृत्तीला जाहिरातींचे वेष्टन लावल्याचे उघडकीस आले होते. पुढच्या वर्षी मालकी बदलल्यावर तो प्रकार तेथे थांबला. म्हणून लिबरऑफिस डॉट ऑर्ग हा पत्ता स्वतः टाइप करावा. विंडोज बसवण्याची परवानगी मागते तेव्हा प्रकाशक म्हणून ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ हे नाव दिसले पाहिजे. दुसरे कोणतेही नाव किंवा ‘अज्ञात प्रकाशक’ दिसल्यास तेथेच थांबावे.

आणखी एक चकवा नावाचा आहे. ‘ओपनऑफिस’ शोधणाऱ्याला अपाची ओपनऑफिस सापडते, तेही मोफत आणि प्रामाणिक आहे. मात्र त्याची ४.१ ही मालिका २०१४ पासून केवळ किरकोळ दुरुस्त्यांवर चालू आहे आणि त्यातून वर्डच्या डॉकएक्स स्वरूपात फाइल जतन करता येत नाही. जुन्या सवयीने ते वापरणाऱ्यांनी आता लिबरऑफिसकडे वळावे. लिबरऑफिसच्या संकेतस्थळावर सहसा एक अगदी ताजी आणि एक जरा मुरलेली अशा दोन आवृत्त्या असतात. घरासाठी मी मुरलेलीच घेतो. २०२४ पासून आवृत्तीचा क्रमांक वर्ष व महिन्यावरून ठरतो, त्यामुळे आपली प्रत किती जुनी आहे हे क्रमांकावरूनच कळते. बसवताना ‘कस्टम’ हा पर्याय निवडला तर मेनूंसाठी मराठी भाषाही जोडता येते, जी आपोआप जोडली जाईलच असे नाही.

आता मराठीकडे येऊ. लिबरऑफिस स्वतः मराठी टंकलेखन शिकवत नाही. कळफलक विंडोजचाच वापरायचा. इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा प्रमाण कळफलक पूर्वीपासून आहे आणि विंडोज १० च्या २०१९ मधील अद्यतनापासून उच्चारानुसार टंकायचा मराठी फोनेटिक कळफलकही त्यातच मिळतो. पहिल्या दिवशी करायचे काम म्हणजे ‘टूल्स’ मेनूतील ‘ऑप्शन्स’मध्ये जाऊन भाषांच्या विभागात ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ची (देवनागरीसारख्या लिप्यांच्या मांडणीची) खूण तपासणे आणि तेथे मराठी ही भाषा ठरवणे. रायटर या लेखनाच्या भागात रोमन अक्षरांचा फाँट आणि देवनागरीचा फाँट यांची नोंद स्वतंत्र ठेवली जाते. हे ज्याला माहीत नसते तो वर १४ चा आकार निवडतो, मराठी टंकू लागतो, अक्षरे लहानच राहिलेली पाहतो आणि सॉफ्टवेअरला नावे ठेवतो. ऑप्शन्समध्येच रायटरच्या शीर्षकाखाली देवनागरीसारख्या लिप्यांच्या मूळ फाँटचे वेगळे पान आहे. तेथे एकदा फाँट व आकार ठरवला की प्रत्येक नव्या कागदपत्रात तोच येतो. एकदा हे अंगवळणी पडले की याच व्यवस्थेचा मोठा फायदा दिसतो: मजकुरात इंग्रजी शब्द आला तरी दोन्ही लिप्यांना आपापला फाँट आपोआप लागतो.

भाषा मराठी ठरवण्याला आणखी एक कारण आहे, आणि ते मला फार मोलाचे वाटते. लोहित देवनागरीसारख्या काही मुक्त फाँटमध्ये एकाच अक्षराची भाषेनुसार वेगळी रूपे साठवलेली असतात. मजकुराची भाषा हिंदी असेल तर ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. तीच भाषा मराठी केली की पाकळीचा ल आणि मराठी वळणाचा श येतो, ज्यांची आपल्या डोळ्यांना शाळेच्या पुस्तकांपासून सवय आहे. २०१७ मधील ५.३ आवृत्तीपासून लिबरऑफिस सर्व प्रकारच्या संगणकांवर अक्षरजुळणीसाठी हार्फबझ हे एकच यंत्र वापरते, त्यामुळे जोडाक्षरे विंडोजवर एक आणि लिनक्सवर दुसरीच, असा जुना घोळ उरलेला नाही. ‘तऱ्हा’ आणि ‘दऱ्या’ यांतला ऱ्ह-ऱ्य नीट उमटतो. मराठी शुद्धलेखन तपासणारा शब्दकोशही विस्तार म्हणून जोडता येतो. तो टंकलेखनातल्या चुका चांगल्या पकडतो, पण विभक्तिप्रत्यय लागलेली अनेक योग्य रूपेही तांबड्या रेषेने अधोरेखित करतो. मुद्रितशोधनाची जागा तो घेऊ शकत नाही.

श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या, युनिकोड (सर्व लिप्यांच्या अक्षरांची जागतिक प्रमाण संकेतपद्धती) नसलेल्या फाँटमध्ये टंकलेल्या फायली, तो फाँट संगणकावर नसताना, लिबरऑफिसमध्ये उघडल्यास अगम्य रोमन चिन्हे दिसतील. तो लिबरऑफिसचा दोष नव्हे. त्या फाइलमध्ये मराठी अक्षरे मुळात नसतातच. त्या परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणाव्या लागतात.

हिशेबाचा भाग कॅल्क. घरखर्च, कर्जाचे हप्ते, सोसायटीची देखभाल वर्गणी यांसाठी तो पुरून उरतो. स्वरूपाची भाषा भारतातील निवडली की स्वल्पविराम लाख-कोटींच्या रीतीने, म्हणजे १,००,००० असे, पडतात. आकडे देवनागरीत हवे असतील तर सेलच्या स्वरूपात मराठी निवडून संकेताच्या आरंभी चौकटी कंसात रोमन लिपीत ‘नॅटनम१’ (NatNum1) लिहावे. दिसणारा आकडा मराठी होतो आणि बेरीज-वजाबाकी पूर्ववत चालते. सभासदांची मराठी नावे क्रमाने लावताना क्रमवारीच्या पर्यायांत भाषा मराठी ठेवायला विसरू नये. कॅल्कमधील याच यादीवरून रायटरमध्ये प्रत्येकाच्या नावाचे वेगळे पत्र किंवा पाकिटावरची पत्त्याची पट्टी काढता येते. सोसायटीचे सचिवपद सांभाळणाऱ्याला या एका सोयीसाठीही लिबरऑफिस घ्यावेसे वाटेल.

पीडीएफ काढण्याची सोय आतच आहे, आणि तिच्यात एक गुण असा आहे ज्याचा उल्लेख फारसा कुठे होत नाही. निर्यात करताना ‘हायब्रिड पीडीएफ’ निवडले की मूळ संपादनयोग्य फाइल पीडीएफच्या पोटातच जाते. इतरांना ते नेहमीचे पीडीएफ दिसते. लिबरऑफिसमध्ये उघडले की मजकूर पुन्हा बदलता येतो. दरवर्षी थोडा फेरफार करून वापरायच्या पत्रकांसाठी, निमंत्रणांसाठी मी हाच मार्ग पत्करतो, कारण ‘पीडीएफ आहे पण मूळ फाइल सापडत नाही’ ही अडचण मुळातच संपते.

वर्डमध्ये काम करणाऱ्यांशी देवाणघेवाण हा सर्वांत नाजूक विषय आहे आणि तेथे मी लिबरऑफिसची बाजू एका मर्यादेपर्यंतच घेईन. साधी पत्रे, निबंध, छोटी कोष्टके उत्तम उघडतात. इंग्रजीसाठी वर्डमधील कॅलिब्री व कॅम्ब्रिया या फाँटच्या मापाचे कार्लिटो व कॅलाडिया हे फाँट लिबरऑफिससोबत येतात, त्यामुळे ओळी फारशा हलत नाहीत. मराठीत मात्र मंगल किंवा कोकिळा हे विंडोजचे फाँट नसलेल्या संगणकावर दुसराच फाँट लागतो, ओळींची लांबी बदलते आणि पाने सरकतात. यावर उपाय म्हणजे ‘मुक्त’ या नावाचा किंवा नोटो देवनागरीसारखा मोफत फाँट वापरणे आणि फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन तो फाइलमध्येच अंतर्भूत करणे. शाळेने डॉकएक्सच मागितले असेल तर जतन करण्याचे नेहमीचे स्वरूप ऑप्शन्समध्ये बदलून ठेवावे. पण स्वतःची मूळ प्रत ओडीटी या रायटरच्या स्वतःच्या स्वरूपातच असावी. हे स्वरूप २००६ पासून आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे आणि ते वाचण्यासाठी कोणत्याही एका कंपनीवर अवलंबून राहावे लागत नाही. आईवडिलांच्या आठवणी, घराण्याची वंशावळ असे जे मुलानातवंडांना वाचता यायला हवे, ते भाड्याच्या कपाटात ठेवू नये असे मला मनापासून वाटते.

उणिवा स्पष्ट सांगायला हव्यात. मराठी मेनू आहेत, पण त्यांतील कित्येक शब्द अनोळखी वाटतात आणि मदतीसाठी शोधलेला मजकूर बहुधा इंग्रजी मेनूंच्या नावांनीच लिहिलेला असतो, म्हणून मी मेनू इंग्रजी आणि मजकूर मराठी अशी जोडी सुचवतो. मराठी व्याकरणाची तपासणी नाही. इम्प्रेसमध्ये सादरीकरणे होतात, पण पॉवरपॉइंटमध्ये केलेली गुंतागुंतीची हालचाल तेथे बिघडते. एक्सेलमधील मॅक्रोंवर (पत्रकात लिहून ठेवलेल्या छोट्या आज्ञावल्यांवर) चालणारी कार्यालयीन पत्रके अनेकदा अडतात. घरून असे काम करावे लागणाऱ्याने कार्यालयाकडून अधिकृत एक्सेल मागून घ्यावे. दोघांना एकाच वेळी एका फाइलवर काम करायचे असेल तर गूगल डॉक्सच सोयीचे आहे. आणि जतन करण्याची सवय लावावी लागते: फाइल सावरण्याची नोंद मुळात दर १० मिनिटांनी होते, आपल्याकडच्या वीजपुरवठ्याचा विचार करता मी ती वेळ कमी करून घ्यायला सांगेन.

याच निकषांवर, म्हणजे मूळ संकेतस्थळ, खुला परवाना आणि मराठीची सोय पाहून, आणखी तीन प्रोग्राम घरच्या संगणकावर असावेत. व्हीएलसी जवळजवळ कोणतीही चित्रफीत वाजवतो. पॅरिसमधील इकोल सेंत्राल या संस्थेच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून तो आला आणि २००१ पासून खुल्या परवान्याखाली आहे. २०२२ मध्ये भारतात त्याचे अधिकृत संकेतस्थळ काही महिने बंद केले गेले होते आणि नोव्हेंबरमध्ये ती बंदी उठली. त्या काळात भलतीकडून प्रत घेतली असेल तर ती काढून व्हिडिओलॅन डॉट ऑर्गवरून नवी बसवावी. झिप आणि आरएआर गठ्ठे सोडवण्यासाठी सेव्हन-झिप पुरेसा आहे. त्याचा अधिकृत पत्ता मधल्या आडव्या रेषेसह आणि शेवटी डॉट ऑर्ग असा आहे, त्याच्याशी मिळत्याजुळत्या पत्त्यांवर जाऊ नये.

तिसरा टेसरॅक्ट. छापील पानाच्या छायाचित्रातून मजकूर ओळखणारे हे यंत्र एचपीच्या प्रयोगशाळेत जन्मले, २००५ मध्ये खुले झाले आणि त्यासाठी मराठीचे स्वतंत्र प्रशिक्षित संच मिळतात. आज्ञा टंकण्याची सवय नसलेल्यांनी जीइमेजरीडर हा त्याचा चित्रमय दर्शनी भाग घ्यावा. स्वच्छ छपाईचे, सरळ धरलेले पान असेल तर निकाल समाधानकारक येतो. जुन्या खिळ्यांच्या छपाईत रफार आणि अनुस्वार गळतात, हस्ताक्षर तर त्याला वाचताच येत नाही. जुन्या स्मरणिकेतला आजोबांचा लेख पुन्हा टंकण्यापेक्षा त्यातून काढून रायटरमध्ये घ्यावा, भाषा मराठी ठरवावी आणि मूळ पान शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडून पाहावी.