सॅन हुआन की सँटो डोमिंगो: शुक्रवार रात्र ते रविवार

न्यू यॉर्क-न्यू जर्सीहून कॅरिबियन बेटांवरची ही दोन्ही शहरं विमानाने साधारण चार तासांवर. दोन्हीकडे स्पॅनिश काळातली जुनी वस्ती आहे आणि ती पायी फिरून होते. घड्याळही एकच: उन्हाळ्यात न्यू यॉर्कइतकं, हिवाळ्यात एक तास पुढे. फरक पडतो तो कागदपत्रांत आणि रविवारच्या परतीत. म्हणून हॉटेलं चाळण्याआधी पासपोर्टमधला व्हिसा उघडून तारीख बघा. (हवाना इथे मुद्दाम घेतलेलं नाही. अमेरिकेत राहणाऱ्याला, तो नागरिक नसला तरी, अमेरिकेचा कायदा क्यूबात निव्वळ मौजेसाठी जाऊ देत नाही आणि अमेरिकी बँकांची कार्डंही तिथे चालत नाहीत.)

सॅन हुआन म्हणजे प्युर्टो रिको, अमेरिकेचाच भाग. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाचा पासपोर्टमधला स्टँप संपलाय आणि नवं स्टँपिंग भारतवारीपर्यंत लांबलंय, अशांना सॅन हुआन खुलं आहे, कारण मुख्य भूमीवरून थेट विमानाने जाताना देश सोडलाच जात नाही. तरीही पासपोर्ट, आय-९४ ही प्रवेशाची नोंद आणि आय-७९७ हे मंजुरीपत्र (विद्यार्थ्यांनी कॉलेजचं आय-२०) जवळ ठेवा, परतताना विमानतळावर विचारणा होऊ शकते.

सँटो डोमिंगो म्हणजे डोमिनिकन रिपब्लिक, वेगळा देश. अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर भारतीय पासपोर्टवर वेगळा डोमिनिकन व्हिसा लागत नाही. इथे मोजला जातो तो पासपोर्टमधला व्हिसा. नुसतं आय-७९७ दाखवाल तर विमान कंपनीच अडवेल, आणि कसेबसे पोहोचलात तरी एच-वन-बीवाल्यांना परतीला नवा स्टँप लागेल. एफ-वन म्हणजे विद्यार्थी व्हिसावाल्यांना जवळच्या बेटांवरून संपलेल्या व्हिसावर परतण्याची सवलत नियमांत आहे, पण मग डोमिनिकन व्हिसा वेगळा काढावा लागतो. दोन रात्रींसाठी ती यातायात कोण करणार? शिवाय येण्या-जाण्याचा ‘ई-तिकीट’ फॉर्म ऑनलाइन भरून क्यूआर कोड घ्यावा लागतो. तो सरकारी साइटवर फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली की बाहेर पडा.

वेळेचा हिशेबही महत्त्वाचा. सॅन हुआनहून परत येणं म्हणजे देशांतर्गत विमान: उतरलात की थेट घरी. सँटो डोमिंगोहून निघताना विमानतळावर तीन तास आधी हवं, आणि उतरल्यावर इमिग्रेशनची रांग असतेच. त्यात लास अमेरिकास विमानतळ शहरापासून पंचवीस-तीस किलोमीटर पूर्वेला. सॅन हुआनचा विमानतळ जुन्या शहरापासून बारा-तेरा किलोमीटरवर, टॅक्सीचे झोननुसार ठरलेले दर. सँटो डोमिंगोच्या टॅक्सीला मीटर नसतो, तेव्हा भाडं बसण्याआधी ठरवा किंवा उबर घ्या. मेट्रो आहे, पण ती जुन्या वस्तीत जात नाही. गाडी भाड्याने दोन्हीकडे घेऊ नका. जुन्या गल्ल्यांत पार्किंग शोधण्यातच शनिवार जाईल.

आता बघायचं काय. सॅन हुआनमध्ये दोन किल्ले: एल मोर्रो (बांधकामाची सुरुवात १५३९) आणि सान क्रिस्तोबाल, म्हणजे स्पेनने अमेरिका खंडांत बांधलेल्यांत सर्वांत मोठा. दोन्ही नॅशनल पार्क सर्व्हिसकडे असल्याने एकच तिकीट चालतं, नॅशनल पार्कचा वार्षिक पासही चालतो. आपल्या गडांची सवय असणाऱ्याला चढ काहीच नाही, पण एल मोर्रोसमोरच्या मैदानात नावाला सावली नाही. सकाळी उघडताच सान क्रिस्तोबाल करा, दीड किलोमीटर चालत एल मोर्रोकडे या. दुपारी उशिरा पोहोचलात तर आतलं हुकेल आणि मैदानात पतंग उडवणारी पोरं तेवढी दिसतील. निळसर फरसबंदी फोटोत सुंदर, पावसात घसरडी, चाकाच्या बॅगेला वैताग. धक्क्याला क्रूझ जहाजं लागलेली असली तर दुपारी गल्ल्या तुंबतात. बंदराचं वेळापत्रक आधी बघितलेलं बरं.

सँटो डोमिंगो याहून जुनं: १४९६चं, आणि १५०२मध्ये ओसामा नदीच्या पश्चिम काठावर पुन्हा वसवलेलं. अमेरिका खंडांतलं पहिलं कॅथेड्रल इथे, कोलंबसाचा मुलगा दिएगो याचा वाडा इथे. काये लास दामास हा जुना रस्ता, कासास रेआलेस संग्रहालय, ओसामा किल्ला हे सगळं काही मिनिटांच्या अंतरात. इतिहासाची आवड असेल तर सॅन हुआन यापुढे फिकं वाटेल, हे मान्य करायला हवं. कॅथेड्रलमध्ये खांदे-गुडघे झाकलेले हवेत. एक गोम मात्र आहे: बरीच संग्रहालयं सोमवारी बंद. जोडून रजा घ्यायचीच तर शुक्रवारची घ्या. विमानतळाच्या वाटेवरच्या लोस त्रेस ओखोस गुहा रविवारी जाता जाता होतात, फक्त बॅगा कुठे ठेवायच्या ते आधी ठरवा.

पोहायचं असेल तर सॅन हुआनच. जुन्या शहरालगतचा एस्कांब्रोन किनारा पोहायला बरा. कोंदादोच्या लाटांची ओढ जोरदार, पोरांना सोडू नका. सँटो डोमिंगोत समुद्र आहे, पण तो मालेकोन या किनारी रस्त्यावरून बघायचा. पोहायला बोका चिका गाठावं लागतं, म्हणजे अर्धा दिवस गेला.

शाकाहारींनी दोन्हीकडे सावध राहावं: राजम्यासारख्या दिसणाऱ्या उसळीत बहुधा हॅम असतं, मोफोंगोत (तळून कुटलेली कच्ची केळी) डुकराची चरबी. सँटो डोमिंगोत सकाळी कुस्करलेल्या कच्च्या केळ्यांचं मांगू तळलेल्या चीजबरोबर मागा, सलामी (मांसाचे काप) नको म्हणून सांगा. सॅन हुआनमध्ये इंग्रजीत भागतं, सँटो डोमिंगोत चार स्पॅनिश शब्द पाठ हवेत. नळाचं पाणीही सँटो डोमिंगोत पिऊ नका.

खर्चाला सँटो डोमिंगो एकूण स्वस्त. मात्र बिलावर १८ टक्के कर आणि १० टक्के सेवाशुल्क चढतं. सॅन हुआनच्या हॉटेलात खोलीवर कर आणि वर रिसॉर्ट फी, त्यामुळे बुकिंगच्या शेवटच्या पानावरचाच आकडा खरा धरा. आणि तिथे जनरेटर आहे का हे विचाराच. ३१ डिसेंबर २०२४ला आणि पुन्हा १६ एप्रिल २०२५ला जवळजवळ सगळं बेट अंधारात गेलं होतं.

ठरवायचं सोपं आहे. स्टँप संपलाय, पोरं बरोबर आहेत किंवा दोनच रात्री आहेत: सॅन हुआन. स्टँप चालू, शुक्रवार मोकळा आणि दगडी भिंतींत रमणारी मंडळी: सँटो डोमिंगो. ऑगस्ट ते ऑक्टोबर वादळांचा भर असतो, तेव्हा रद्द करता येणारंच बुकिंग करा. जानेवारीच्या मध्यात सॅन हुआनला सान सेबास्तियानची जत्रा भरते. गर्दी नको असेल तर तो आठवडा सोडा. आणि तिथून निघताना बॅगेत आंबे भरू नका. मुख्य भूमीच्या विमानांसाठी शेतीखात्याची तपासणी असते आणि ताजा आंबा तिथेच काढून घेतात.