मॉलमधलं कूपन आणि एक लाख अठरा हजार रुपये

मोठ्या मॉलमध्ये खरेदी आटोपल्यावर कोणी ‘ताई, लकी ड्रॉचं कूपन भरा’ म्हणालं, तर त्या कागदावर आपला मोबाइल नंबर लिहू नका. बक्षीस गाडीचं असो, सोन्याच्या नाण्याचं असो की गोव्याच्या सहलीचं. हे मी सुरुवातीलाच लिहिते आहे, म्हणजे ज्यांना पुढचं वाचायला सवड नाही त्यांच्यापर्यंत एवढं तरी पोहोचेल. माझ्या आणि माझ्या मैत्रिणीच्या घरातून मिळून या प्रकारात २,३६,००० रुपये गेले आहेत.

ऑगस्टमधला शनिवार होता, सगळीकडे स्वातंत्र्यदिनाचे सेल लागलेले. एरवी आम्ही दोघी लक्ष्मी रस्ता आणि तुळशीबागेच्या पलीकडे फारशा जात नाही. पण तिच्या मुलीला शिकायला बंगळूरला पाठवायचं होतं. बॅग, बूट, कपडे, चादरी असं सगळं एकाच ठिकाणी मिळेल म्हणून वनाझहून मेट्रो धरली आणि शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका मॉलमध्ये गेलो. मॉलचं नाव लिहीत नाही. पुण्यातल्या बहुतेक मोठ्या मॉलमध्ये असे स्टॉल असतात, तेव्हा एकाचं नाव घेतलं तर बाकीचे सुरक्षित आहेत असं वाटायचं.

तळमजल्यावर सरकत्या जिन्याजवळ रिबन बांधलेली नवी कोरी गाडी उभी होती. शेजारी टेबल, त्यावर काचेची पेटी आणि ब्लेझर घातलेली दोन मुलं. ‘बिल दाखवा ताई, कूपन फ्री आहे,’ असं त्यातली मुलगी म्हणाली. बोलणं अगदी आपल्या घरातल्या मुलीसारखं. खरेदीचं बिल मागितल्यामुळे ही योजना मॉलचीच आहे असं आम्ही धरून चाललो, आणि कोणीही तसंच धरलं असतं. पुढे मॉलच्या कार्यालयात चौकशी केली तेव्हा कळलं, की ती जागा भाड्याने दिलेली असते, त्या कंपनीशी मॉलचा संबंध नाही. ती गाडीसुद्धा त्या कंपनीची नव्हती. एका शोरूमने आपल्या जाहिरातीसाठी ती तिथे उभी केली होती आणि यांनी आपलं टेबल तिच्या शेजारी मांडलं होतं.

कूपनावर नाव आणि नंबराखाली आणखी काही रकाने होते. वय किती, लग्न झालंय का, घर स्वतःचं की भाड्याचं, महिन्याचं उत्पन्न कोणत्या गटातलं, क्रेडिट कार्ड आहे का. हे रकाने नीट लक्षात ठेवा. चिठ्ठी टाकून सोडत काढायला यातलं काहीच लागत नाही. कोणाला फोन करायचा आणि कोणाला नाही, हे ठरवायला मात्र एवढीच माहिती पुरते.

दोन-तीन दिवसांत फोन आला. ‘अभिनंदन मॅडम, तुमचं नाव लकी कपल म्हणून निघालंय.’ तिलाही तसाच फोन. बक्षीस घ्यायला रविवारी संध्याकाळी स्टेशनजवळच्या एका हॉटेलात यायचं, नवरा-बायको दोघांनी मिळूनच, आणि ओळख पटवण्यासाठी क्रेडिट कार्ड बरोबर ठेवायचं. मी दोनदा विचारलं, ‘तुम्ही काही विकणार नाही ना?’ उत्तर मिळालं, ‘नाही मॅडम, दीड तासाचं प्रेझेंटेशन आहे, मग जेवण आणि गिफ्ट.’ ओळख पटवायला आधार चालतं, पॅन चालतं. क्रेडिट कार्डच आणा असं कोणी म्हणालं, तर पैसे त्याच संध्याकाळी काढून घ्यायचे हे आधीच ठरलेलं असतं.

हॉटेलच्या हॉलमध्ये पंधरा-वीस टेबलं होती. स्पीकर इतका मोठा, की शेजारच्या माणसाशी बोलतानाही वाकावं लागत होतं. आम्ही चौघं एकमेकांच्या ओळखीचे आहोत हे दारातच विचारून घेतलं आणि आम्हाला हॉलच्या दोन टोकांना बसवलं. मला ते खटकलं. ‘एका टेबलावर एकच कपल, असा नियम आहे,’ असं सांगण्यात आलं.

आमच्या टेबलावरचा मुलगा पहिला अर्धा तास पैशांबद्दल एक शब्द बोलला नाही. शेवटची सहल कुठे झाली, घरात कोण कोण आहे, कोणाला काय दाखवायचं राहिलंय, एवढंच विचारत होता. मी सांगितलं, सासूबाईंना काशी दाखवायचीय. मग प्रत्येक दोन वाक्यांनंतर सासूबाई येऊ लागल्या. ‘आईंना काशीला न्यायचंय ना सर? मग उद्यावर कशाला ढकलताय?’ माझे मिस्टर हिशेबाला पक्के, पण आईचं नाव आलं की माणूस हळवा होतोच. आपल्या घरातली माया अशी वापरली गेली, याचा राग मला पैशांपेक्षा जास्त आहे.

मधूनच टाळ्या वाजायच्या आणि माइकवरून कोणातरी जोडप्याचं स्वागत व्हायचं. विकायची होती ती सहलींची मेंबरशिप: दहा वर्षांची, दर वर्षी हॉटेलात सहा रात्री, किंमत ३,६०,०००. आम्ही नको म्हणाल्यावर ‘मॅनेजर’ आले आणि किंमत दोन लाखांवर आली. पुन्हा नको म्हणालो, तेव्हा आणखी कोणी ‘सीनियर’ आले. एक लाख आणि वर १८ टक्के जीएसटी, एकूण १,१८,०००, तेही फक्त आज, या हॉलमधून बाहेर पडायच्या आत. तीन लाख साठ हजारांची वस्तू तासाभरात लाखावर येते, तेव्हा मुळात तिला किंमतच ठरलेली नसते. हे मला आज लिहिताना स्वच्छ दिसतं. त्या गोंगाटात, उशिरापर्यंत जेवण न देता बसवून ठेवलेल्या माणसाला ते दिसू नये, अशीच तिथली सगळी मांडणी असते.

तरीही आम्ही उठणार होतो. तेवढ्यात तो मुलगा पलीकडे जाऊन आला आणि म्हणाला, ‘तुमच्या मैत्रिणीने आत्ताच घेतली. दोन्ही फॅमिली एकत्र जाल, एकच बुकिंग होईल.’ तिच्यावर माझा डोळे मिटून विश्वास आहे. बँकेत नोकरी करणारी बाई, प्रत्येक कागद दोनदा वाचणारी. तिने घेतली म्हणजे बघूनच घेतली असणार, असं वाटलं आणि सह्या झाल्या.

परतताना गाडीत ती म्हणाली, ‘अगं, तू घेतलीस म्हणून आम्ही घेतली.’

चौघंही गप्प झालो. घरी येऊन कार्डांचे मेसेज समोरासमोर ठेवले. त्यांना ‘तुमच्या मैत्रिणीने घेतली’ असं सांगितलं तेव्हा आमचं कार्ड मशीनला लागलंही नव्हतं, आणि आम्हाला सांगितलं तेव्हा त्यांचं नव्हतं. मैत्रिणीबरोबर, बहिणीबरोबर, शेजाऱ्यांबरोबर अशा ठिकाणी जाणं म्हणजे सोबत आहे असं आपल्याला वाटतं. तिथे त्या सोबतीचाच उपयोग करतात. कोणी काय घेतलं हे तिऱ्हाईताच्या तोंडून ऐकू नका, उठून स्वतः त्या टेबलापाशी जा.

करार बारीक इंग्रजी अक्षरांतला. ‘इथे, इथे आणि इथे’ म्हणत सह्या घेतल्या होत्या. रात्री भिंग घेऊन वाचला. तोंडी सांगितलेलं ‘कधीही, कुठेही’ त्यात कुठेच नव्हतं. दिवाळी, नाताळ आणि मे महिना बंद. बुकिंग साठ दिवस आधी, तेही जागा असेल तर. जा किंवा न जा, वर्षाला साडेनऊ हजार रुपये देखभाल शुल्क. ठिकाणांच्या यादीत काशी नव्हतं. भरलेली रक्कम परत मिळणार नाही. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे, विक्री प्रतिनिधीने तोंडी दिलेलं कोणतंही आश्वासन कंपनीवर बंधनकारक नाही, असं एक कलम. गोव्याच्या ‘मोफत’ सहलीच्या प्रमाणपत्रावर मागच्या बाजूला प्रत्येक माणशी, प्रत्येक रात्रीचा आकार लिहिला होता, शिवाय मंगळवार ते गुरुवारच जायचं.

पैसे ‘बिनव्याजी’ बारा हप्त्यांत जातील असं सांगितलं होतं. पहिल्याच बिलात प्रक्रिया शुल्क, व्याज आणि व्याजावर जीएसटी अशा तीन ओळी आल्या. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना लिहिलं आहे, की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच मुळात नसते. हप्ते करताना मुद्दल किती, व्याज किती हे बँकेकडून लेखी मागा, मशीनवाल्या मुलाकडून नाही.

तिसऱ्या दिवशी रद्द करण्यासाठी मेल केला. उत्तरात ‘परत मिळणार नाही’ हे कलम. युरोपीय संघात अशा करारातून १४ दिवसांत कारण न सांगता बाहेर पडता येतं. आपल्याकडे टाइमशेअरसाठी, म्हणजे दर वर्षी ठरावीक रात्री राहायच्या अशा मेंबरशिपसाठी, तसा वेगळा कायदा नाही, म्हणून सही करायच्या आधीचा वेळच आपल्या हातात असतो. पोलीस चौकीत अर्ज घेतला, पण करारावर सह्या आहेत, ग्राहक आयोगाकडे जा, असं सुचवलं. १९३० हा नंबर ऑनलाइन फसवणुकीसाठी आहे. आमच्यासारख्या प्रकाराला १९१५, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथे तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. कंपनीने त्यांना कळवलं की मेंबरशिपची मुदत एक वर्ष वाढवून देऊ. आम्हाला मुदत नको होती.

मग ग्राहक चळवळीतल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांकडे गेलो. बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत १९७४ साली पुण्यातूनच सुरू केली, त्यामुळे या शहरात अशी जाणती माणसं अजून भेटतात हे आपलं नशीब. त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं देते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बक्षीस देऊ असं सांगून ते द्यायचा हेतूच नसणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीचं कार्यालय दुसऱ्या राज्यात असलं तरी. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही आणि मुदत दोन वर्षांची. तक्रार ऑनलाइनही दाखल होते.

ते म्हणाले, ‘तोंडी बोलण्याचा पुरावा काय आहे तुमच्याकडे?’ तेव्हा मैत्रिणीने पर्समधून एक कागद काढला. विक्री करणारी मुलं सगळा हिशेब कोऱ्या कागदावर लिहून दाखवतात आणि शेवटी तो कागद परत घेतात. आमचा घेतला. तिच्याकडेही दोनदा मागितला होता, पण हप्त्यांचे आकडे लिहिलेले असल्यामुळे तिने तो घडी घालून आधीच आत टाकला होता. त्यावर त्या मुलाच्या हाताने लिहिलंय: ‘कधीही’, ‘कुठेही’, ‘मेंटेनन्स शून्य’, ‘नाही आवडलं तर ९० टक्के परत’. कार्यकर्त्यांनी तो कागद उजेडात धरून वाचला आणि त्याच्या चार प्रती काढायला लावल्या. ‘लकी कपल’चा मेसेज, हॉटेलचं निमंत्रण, कार्डाच्या पावतीची वेळ, हे सगळं जोडलं. अशा जागी कोणी अडकलंच, तर तो कागद सोडू नका. देत नसतील तर मोबाइलवर फोटो काढा, आणि फोटोही काढू देत नसतील तर तिथूनच उठा.

नोंदणीकृत टपालाने नोटीस पाठवली, उत्तर आलं नाही, तक्रारी दाखल केल्या. आयोगाची नोटीस पोहोचल्यावर मात्र कंपनीचे फोन सुरू झाले. अर्धी रक्कम देतो, तक्रार मागे घेतल्याचं आणि कुठेही काही न लिहिण्याचं हमीपत्र द्या. मैत्रिणीने स्पष्ट नकार दिला, मीही दिला. हप्ते आम्ही भरतो आहोत, कारण ते थांबवले तर कार्डाची थकबाकी आपल्या नावावर चढते आणि कंपनीचं काहीच बिघडत नाही. तिला तर मुलीच्या वसतिगृहाची फीसुद्धा याच महिन्यांत भरावी लागते आहे.

त्या रविवारी हॉलमध्ये आमच्याशिवाय आणखी जोडपी होती, आणि तशी संध्याकाळ पुण्यात बहुतेक दर आठवड्याला कुठे ना कुठे होते. एकाच कंपनीविरुद्ध एकसारखी तक्रार असलेल्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. त्यामुळे ज्यांच्याकडे असा करार असेल त्यांनी तो आज बाहेर काढावा, सहीची तारीख बघावी, दोन वर्षं व्हायला किती महिने उरलेत ते मोजावं, आणि हाताने लिहिलेला एखादा कागद कुठे राहिला आहे का, ते पर्सच्या कप्प्यांत आणि गाडीच्या ड्रॉवरमध्ये शोधावं.