विरघळणाऱ्या सुयांचा पिंपल पॅच: लावून पाहिला

मी ठाण्यात लसीकरणाच्या ओपीडीत सिस्टर आहे. त्यामुळे ‘अजिबात दुखत नाही’ असं छापलेल्या वस्तूवर माझा चटकन विश्वास बसत नाही. भाचीसाठी राम मारुती रोडवरच्या एका केमिस्टकडून मायक्रोनीडलचा, म्हणजे अतिसूक्ष्म सुयांचा, पिंपल पॅच घेतला आणि आधी स्वतःच्या मनगटावर दाबून पाहिला. मांजराने जीभ फिरवल्यासारखं खरखरीत लागलं, थोड्या वेळात तेही गेलं. दुखलं नाही, हे मी जबाबदारीने सांगते.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर जेमतेम १० ते २० मायक्रॉनचा असतो, पण बरीचशी औषधं तिथेच अडतात. मिलिमीटरभरही लांब नसलेल्या या सुया तो थर ओलांडतात. इंजेक्शनसारख्या चरबीत किंवा स्नायूत शिरत नाहीत. त्या हायल्युरॉनिक अ‍ॅसिड या त्वचेत मुळातच असणाऱ्या पदार्थाच्याच बनवलेल्या असल्याने त्वचेतल्या ओलाव्याने विरघळतात. मागे सुई उरतच नाही! वापरलेल्या सुया कापून टाकणारं हब कटर रोज हाताळणाऱ्या बाईला विचारा याचं मोल.

गोवर-रुबेलाची लस अशाच पॅचमधून पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियातल्या लहान मुलांना देऊन पाहिली, त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. सुरक्षिततेची चिंता वाटावी असं काही आढळलं नाही आणि प्रतिकारशक्तीही इंजेक्शनच्या तोडीची आली. आमच्याकडे ही लस पाण्यात मिसळली की ४ तासांत वापरायची, उरलेली फेकायची. आईच्या कुशीत तोंड लपवणारी पोरं मी रोज बघते. हा पॅच आपल्याकडे यावा असं मला मनापासून वाटतं.

आता पिंपलचं. भाचीच्या हनुवटीवर तोंड न आलेला, ठणकणारा फोड होता. रात्री पॅच लावला. सकाळी ठणका गेला, सूज उतरली, लाली मात्र राहिली. नंतर पिकलेल्या फोडावर लावला तर फरक शून्य. तिथे साधा, बिनसुयांचा, पू शोषून घेणारा हायड्रोकोलॉइड पॅच पुरतो आणि बराच स्वस्त पडतो. चेहराभर मुरुमं असतील तर यावर पैसे घालवू नका, त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. एवढ्याशा सुयांत औषध मावणार तरी किती?

पावसाळ्यात जपा. हवेतल्या ओलीनेही सुया मऊ पडतात, म्हणून पाकीट लावायच्या क्षणीच फोडायचं. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा करा, पॅच कडेने धरा, मधे बोट लावू नका. “मावशी, आधी क्रीम लावू?” असं भाचीने विचारलं होतं. नाही, क्रीमवर तो चिकटतच नाही.

केमिस्टकडे दोन्ही प्रकार एकाच फळीवर असतात आणि वरून सारखेच दिसतात. ‘मायक्रोनीडल’ हा शब्द आणि एक्स्पायरी वाचूनच पैसे द्या. सुयांच्या पॅचला आत प्रत्येकी वेगळा, सीलबंद कप्पा असायला हवा. सुटा काढून देत असतील तर घेऊ नका.