एक्स६७०ई मदरबोर्डचा बायोस: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेले नऊ महिने मी एक्स६७०ई चिपसेटचा, खास ओव्हरक्लॉकिंगसाठी (ठरवून दिलेल्या गतीपेक्षा जलद चालवण्यासाठी) बनवलेला मदरबोर्ड एएमडीच्या सोळा कोअरच्या रायझन ९ ७९५०एक्स प्रोसेसर आणि ६४ जीबी डीडीआर५-६००० मेमरीसह रोज वापरत आहे. बोर्डावरच्या बटणांविषयी आणि दिव्यांविषयी बोलण्यासारखे फारसे नाही. पैसे ज्याचे मोजले तो त्याचा बायोस, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणारी आणि हार्डवेअरच्या सेटिंग बदलू देणारी अंगभूत प्रणाली आहे, म्हणून त्याविषयीच लिहितो.

पहिल्यांदा संगणक सुरू केला तेव्हा पडदा काही मिनिटे काळाच राहिला आणि बोर्डावरच्या दोन अंकी फलकावर १५ हा आकडा हलेना. काहीतरी बिघडले असे वाटून मी वीज बंद करणारच होतो, पण तो मेमरी ट्रेनिंगचा, म्हणजे बोर्ड मेमरीशी स्थिर जुळणी शोधतो त्याचा वेळ होता. पुढे मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर (आधीच्या ट्रेनिंगचे निकाल पुन्हा वापरणारी सेटिंग) सुरू केल्यावर ही प्रतीक्षा संपली, मात्र मेमरीची कोणतीही सेटिंग बदलायची असेल तेव्हा मी ते आधी बंद करतो, कारण जुन्या ट्रेनिंगवर नवे आकडे तपासण्यात अर्थ नसतो.

एक्सपो प्रोफाइल (मेमरी तिच्या जाहीर वेगाने चालवणारी तयार सेटिंग) निवडल्यावर मेमरीबरोबर इतर व्होल्टेजही बदलू शकतात, हे नवख्या माणसाने जरूर लक्षात ठेवावे. २०२३ मध्ये ७०००एक्स३डी प्रोसेसर जळाल्याची प्रकरणे पुढे आल्यानंतर एएमडीने एसओसी व्होल्टेजला (प्रोसेसरमधल्या मेमरी नियंत्रकासारख्या भागांना मिळणाऱ्या व्होल्टेजला) १.३ व्होल्टची मर्यादा घातली. हे व्होल्टेज १.२ असतानाही माझी मेमरी स्थिर चालते, त्यामुळे तो आकडा मी ‘ऑटो’वर न सोडता हाताने भरला आहे.

माझा सर्वाधिक वेळ गेला तो कर्व्ह ऑप्टिमायझरवर; त्यात उणे आकडा दिला की त्या कोअरचे व्होल्टेज कमी होते. सर्व सोळा कोअरना एकदम उणे ३० दिले, तासभर पूर्ण भाराखाली चाचणी घेतली आणि सगळे ठीक आहे असे मानले. दोन दिवसांनी साधा मजकूर टंकत असताना संगणक अचानक रीस्टार्ट झाला. पूर्ण भाराखाली कोअरची गती उतरलेली असते. हलक्या कामात एखादाच कोअर ५.७ गिगाहर्ट्झच्या आसपास चढतो, आणि कापलेले व्होल्टेज नेमके तिथे अपुरे पडते. मग एकेक कोअर रात्रभर स्वतंत्रपणे तपासला. जे दोन कोअर बायोस सर्वोत्तम म्हणून दाखवतो, तेच उणे ८ च्या खाली टिकले नाहीत, तर बाकीच्यांपैकी बहुतेकांनी उणे २५ सहज पेलले. या कामाला तीन आठवडे लागले आणि मला ते मनापासून आवडले.

प्रोसेसरच्या तापमानाची मर्यादा मी ९५ वरून ८५ अंशांवर आणली. रेंडरिंगच्या वेळेत पडलेला फरक मला जाणवला नाही. पंख्यांचा आवाज मात्र स्पष्टपणे उतरला, आणि ऐन उन्हाळ्यात त्याचे मोल कळले.

तक्रारी दोन आहेत. पीबीओच्या (प्रोसेसरच्या वीज व गतीच्या मर्यादा बदलणाऱ्या एएमडीच्या सुविधेच्या) सेटिंग बोर्डाच्या उत्पादकाच्या मेनूत आणि एएमडीच्या मेनूत अशा दोन ठिकाणी आहेत, आणि दोन्हीकडे वेगळे आकडे असतील तर कोणता लागू होईल हे कुठेही सांगितलेले नाही. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे: बायोस अद्ययावत केल्यावर जतन केलेली सर्व प्रोफाइल पुसली गेली आणि तीन आठवड्यांचे ते सोळा आकडे मला वहीतून पुन्हा भरावे लागले. आता प्रत्येक बदलानंतर मी त्या त्या पानावर एफ१२ दाबून त्याचे चित्र पेनड्राइव्हवर ठेवतो.