वर मोतिया, खाली शेवाळी: दिवाळी ते महालक्ष्म्या, दोन रंगांच्या किचनचा अनुभव

नागपुरात मनीष नगरच्या आमच्या फ्लॅटमधलं किचन गेल्या दिवाळीच्या आधी तयार झालं. वरच्या कपाटांना मोतिया, खालच्या ट्रॉल्यांना शेवाळी. त्यानंतर हिवाळा गेला, नवतपा म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस गेले, कुलरचा पूर्ण हंगाम गेला, पावसाळा झाला आणि नुकताच महालक्ष्म्यांचा स्वयंपाकही याच ओट्यावर झाला. नवं किचन पहिल्या आठवड्यात सगळ्यांचंच छान दिसतं. तेलाचे हात, बोअरचं पाणी आणि मे महिन्यातली धूळ यांतून गेल्यावर रंगाचं खरं काय ते कळतं, म्हणून एवढं थांबून लिहिते आहे.

आधी निकाल. दोन रंग घेतल्याचं पूर्ण समाधान आहे आणि कोणी विचारलं तर मी "घ्या" असंच सांगते. पण लोक कोणते दोन रंग यावरच महिनाभर घालवतात. माझ्या मते त्याहून मोठा प्रश्न आहे तो एक रंग कुठे संपवायचा आणि दुसरा कुठे सुरू करायचा हा. रंग साधे असले तरी चालतं. ती हद्द चुकली की भारीतला भारी सनमायकाही ठिगळ लावल्यासारखा दिसतो.

आमचा ओटा एल आकाराचा, काळ्या ग्रॅनाइटचा. बॉक्स आयएस ७१० च्या, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचे, बाहेरून १ मिलीमीटरचा सनमायका, आतून पांढरा ०.८ चा. फिनिश मॅट, पण हाताला गुळगुळीत लागणारा. दुकानात आम्हाला चकचकीत फिनिशचा खूप आग्रह झाला. खिडकीसमोरच्या चकचकीत शटरवर प्रत्येक बोट उमटलेलं दिसतं, तिरक्या उजेडात प्लायचा बारीकसा उंचवटाही उठून येतो, म्हणून मी ठाम राहिले. पोत असलेला, खरखरीत मॅटही नको म्हटलं, कारण त्या खाचांत हळद जाऊन बसते.

आता रंग. वरची रांग डोळ्यांसमोर असते, तिच्यावर खिडकीचा आणि ट्यूबलाइटचा उजेड थेट पडतो. खालची रांग ओट्याच्या सावलीत असते. ग्रॅनाइटची कड पुढे आलेली असते, ओटा काळा असतो, त्यामुळे खालचा कुठलाही रंग दुकानात दिसला त्यापेक्षा घरी एक पायरी गडद दिसतो. लकडगंजच्या दुकानातून आम्ही वहीतल्या छोट्या तुकड्यांवर न भागवता मोठे नमुने मागून आणले. मोतियाचा नमुना भिंतीला वर चिकटवला आणि हिरव्याचे तीन नमुने ओट्याखाली, शटर येणार त्याच जागी उभे ठेवले. सकाळी, दुपारी पडदे ओढलेले असताना आणि रात्री दिवा लावून पाहिले. सगळ्यात गडद हिरवा तिथे दुपारीसुद्धा जवळजवळ काळा दिसत होता. मधला शेवाळी उरला. नमुना आडवा टेबलावर ठेवून कधीच ठरवू नका, शटर उभंच असतं.

दिव्याचंही तेवढंच महत्त्व आहे. ३००० केल्विनच्या पिवळ्या उजेडात आमचा शेवाळी मातकट दिसत होता आणि मोतिया पार पिवळा. ६५०० च्या पांढऱ्या उजेडात मोतियातली ऊब गेली. ४००० वर दोन्ही रंग आपापल्या जागी आले, तेच दिवे लावले. रंगाच्या काही कार्डांवर एलआरव्ही नावाचा आकडा असतो, म्हणजे तो रंग किती उजेड परत फेकतो ते. काळ्याचा शून्याकडे, पांढऱ्याचा १०० कडे. आपल्या नागपुरात हे फार कामाचं आहे. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर गेला की अकरा वाजल्यापासून खिडक्या बंद, पडदे ओढलेले, आणि पोळ्या तर करायच्याच असतात. तेव्हा वरची रांग फिकी असल्याचा फायदा रोज जाणवतो. तरी खालचा गडद रंग आणि काळा ओटा मिळून बराच उजेड गिळतात, म्हणून वरच्या कपाटाखाली पट्टीचा दिवा हवाच. भाजी चिरताना स्वतःच्याच हाताची सावली पडत नाही.

हद्दीकडे येते, कारण खरी डोकेफोड तिथे झाली. फ्रिजशेजारी जमिनीपासून वरपर्यंत जाणारं उंच कपाट आहे. ते कोणत्या रंगात? मिस्त्री म्हणाले, "ताई, ओट्याच्या लेव्हलला कापून देतो ना, खाली हिरवा, वर पांढरा." कागदावर बरोबर वाटतं, पण त्या कपाटाचं दार सलग आहे, ते मध्येच दुरंगी झालं असतं. पूर्ण शेवाळी केलं तर हॉलमधून आत पाहताना कोपऱ्यात एक जड हिरवा खांब उभा दिसला असता. आम्ही ते पूर्ण मोतिया केलं, भिंतीच्या रंगाशी जुळतं. आज तिथे कपाट आहे हे पटकन लक्षातही येत नाही आणि शेवाळी रंग ओट्याखालीच सलग राहतो.

माळ्याची दारंही मोतियाच. तिथे तिसरा रंग किंवा पुन्हा शेवाळी घेतला असता तर भिंतीवर तीन पट्टे झाले असते आणि छत खाली आल्यासारखं वाटलं असतं. आमच्या इमारतीत छत फार उंच नाही, तिथे हा फरक मोठा आहे.

वरच्या कपाटाची खालची बाजू बहुतेकजण विसरतात. उभं राहून ती दिसत नाही, पण जेवायला बसलं की सरळ नजरेत येते. तिथे आतला पांढरा सनमायका न लावता मोतियाच लावायला सांगितला. उघड्या बाजूच्या फळ्यांचंही तसंच, ज्या रांगेची फळी त्या रांगेचा रंग.

आणि एक अगदी बारीक गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. दोन शटरच्या मध्ये दोन-तीन मिलीमीटरची फट असते. त्या फटीतून बॉक्सची पुढची कड दिसते. बॉक्स आतून पांढरा, म्हणजे कडही पांढरी. मोतिया शटरमध्ये ते खपून जातं, पण शेवाळी शटरच्या मध्ये उभ्या-आडव्या पांढऱ्या रेघा दिसतात आणि सगळं काम स्वस्त वाटतं. म्हणून खालच्या बॉक्सच्या पुढच्या कडांना शेवाळी एज बँड, म्हणजे कडेला चिकटवायची पट्टी, लावून घ्या. हे मिस्त्रींना काम सुरू व्हायच्या आधी सांगावं लागतं, बॉक्स ठोकून झाल्यावर कोणीही ते मनापासून करत नाही.

खर्चाचं थोडक्यात. दोन रंगांची मजुरी वेगळी लागत नाही, पण शीट जास्त लागतात. ८ बाय ४ फुटांचं शीट म्हणजे ३२ चौरस फूट. एकच रंग असेल तर वरच्या कपाटांचे उरलेले तुकडे खाली वापरता येतात, दोन रंगांत ते वाया जातात. "एकच रंग घ्या ना ताई, माल कमी लागते," असं मिस्त्री म्हणाले ते खोटं नव्हतं. आमचं एक शीट जास्त गेलं. दोन्ही रंगांची सगळी शीट एकाच लॉटची, एकाच वेळी घ्या. त्याच नंबरचं शीट पुढच्या लॉटमध्ये किंचित वेगळं येऊ शकतं आणि शेजारी शेजारी लावलं की तो फरक झाकता येत नाही.

आता वापर. आमच्याकडे तिखटतेलाचा स्वयंपाक आहे. रविवारी सावजी रस्सा, एरवी पातोडी, वडाभात, थंडीत भरीत. तेलाची वाफ चिमणी चालू असली तरी थोडी बाहेर येतेच आणि शेगडीच्या दोन्ही बाजूंच्या वरच्या शटरवर चिकट थर धरते. मोतियावर तो लवकर दिसतो. मला हे चांगलंच वाटतं, कारण दिसतो म्हणून पुसला जातो. ताजा असेल तर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब आणि मऊ फडकं, एवढ्यात निघतो. महिनाभर राहिला की घट्ट होतो, मग लोक तारेची घासणी काढतात आणि मॅटवर चकचकीत चट्टे पाडतात. हळदीचा हात लागला तर तेव्हाच पुसायचा. आतापर्यंत मोतियावर एकही कायमचा डाग नाही आणि रंग पिवळाही पडलेला नाही.

खालच्या रांगेचे शत्रू वेगळे आहेत. सिंकखालच्या शटरवर बोअरचं पाणी ओघळून सुकलं की पांढऱ्या रेघा उमटतात. शेवाळीवर त्या दिसतात, पण बेसा भागात राहणाऱ्या बहिणीकडे खालचं सगळं काळं आहे, तिथे त्या दहा फुटांवरून दिसतात. मी रात्री ओटा आवरताना त्या दोन शटरवरून कोरडं फडकं फिरवते, मग रेघा धरतच नाहीत. जुनी रेघ असेल तर पाण्यात थोडं व्हिनेगर, पुसून लगेच साध्या पाण्याने पुन्हा पुसणं. कणकेचा हात मात्र शेवाळीवर ठळक उमटतो. पोळ्या करता करता ट्रॉली उघडली की पांढरा पंजा उमटलाच. तेलाचे डाग, फरशी पुसतानाचे शिंतोडे, मुलांचे हात हे सगळं तो छान सांभाळून घेतो.

कुलरच्या दिवसांत धूळ किती येते हे नागपूरकरांना सांगायला नको. त्या काळात बहिणीच्या काळ्या शटरच्या कडांवर दुपारपर्यंत राखाडी थर दिसायचा. शेवाळी मुळातच थोडा धुळकट रंग आहे, त्यामुळे दोन दिवस पुसलं नाही तरी घर अस्वच्छ वाटत नाही. खाली अगदी काळा, गडद निळा किंवा कॉफी रंग घेणाऱ्यांनी ही गोष्ट आधी धरावी. फिका वर आणि गडद खाली हे ठीक, पण गडद म्हणजे काळाच असं नाही.

उन्हाने रंग उडेल अशी आईंना, म्हणजे सासूबाईंना, काळजी होती. आमची एक खिडकी पश्चिमेला आहे आणि तिच्याजवळच्या शेवटच्या ट्रॉलीवर उन्हाळ्यात चार वाजता थेट ऊन येतं. उरलेल्या शीटचा एक तुकडा मी कपाटात अंधारात ठेवला आहे. नवतपा झाल्यावर तो त्या ट्रॉलीला लावून पाहिला, पावसाळ्यानंतर पुन्हा पाहिला. अजून फरक नाही. असा तुकडा प्रत्येकाने ठेवावा, पुढे एखादं शटर बदलायची वेळ आली तर रंग जुळवायलाही तोच कामी येतो.

महालक्ष्म्यांना घर भरलेलं होतं. सोळा भाज्या, पुरण, आंबील, ओट्याजवळ एका वेळी चार-पाच बायका. तेव्हा एक गोष्ट कळली जी मी रंग निवडताना धरलीच नव्हती. नवख्या बायकांना "ताटं हिरव्यात, वाट्या पांढऱ्यात" एवढं सांगितलं की पुरत होतं. सुरुवातीला "हिरवा म्हणजे जरा जास्तच होतं ना गं" म्हणणाऱ्या आईच त्या दिवशी सगळ्यांना तसं सांगत होत्या.

शेजारच्या काकूंचं किचन चांगलं मजबूत आहे, पण पूर्ण मरून. त्यांना फक्त वरचा रंग बदलायचा आहे. जुना सनमायका नीट घासून त्यावर नवा चिकटवता येतो, पण शटर १ मिलीमीटरने जाड होतं, म्हणून बिजागऱ्या पुन्हा जुळवून घ्याव्या लागतात. सनमायका कुठे फुगला असेल तर तो आधी काढावाच लागतो. खाली मरून तसाच ठेवून वर मोतिया शोभेल असं मी त्यांना सांगितलं आहे, फक्त बॉक्सची पुढची कड आणि कपाटाची खालची बाजू विसरू नका म्हटलं. त्यांचे मिस्त्री सोमवारी माप घ्यायला येणार आहेत.