फोर्ब्सची शंभर शक्तिशाली महिलांची यादी : नावं घ्या, क्रमांक सोडा

डिसेंबर आला की मराठी वर्तमानपत्रांत एक ठरलेली बातमी येते : ‘फोर्ब्सच्या यादीत इतक्या भारतीय महिला’. तिथून ती चालू घडामोडींच्या मासिकांत जाते आणि ८ मार्चच्या आसपास पुरवण्यांत, वक्तृत्व स्पर्धांत पुन्हा डोकं वर काढते. फोर्ब्स या अमेरिकी उद्योग-मासिकाची मूळ यादी उघडून बघणारे फार थोडे. ती आहे एक लांबलचक तक्ता : क्रमांक, नाव, वय, देश, क्षेत्र. नावावर टिचकी मारली की त्या बाईंची चार-सहा ओळींत ओळख. जगात सत्ता, पैसा आणि मोठ्या संस्था सध्या कोणत्या बायकांच्या हातात आहेत, हे तासाभरात नजरेखालून घालायचं असेल तर इतकी सोयीची जागा दुसरी नाही. क्रमांकांवर विसंबायचं असेल तर मात्र जरा थांबा.

फोर्ब्स चार गोष्टी बघतं : पैसा, माध्यमांतली उपस्थिती, कामाचा परिणाम आणि प्रभावाचं क्षेत्र. राजकारणातली व्यक्ती असेल तर देशाचा जीडीपी आणि लोकसंख्या धरतात. कंपनीप्रमुख असेल तर उलाढाल, बाजारमूल्य आणि कर्मचारीसंख्या. कशाला किती वजन दिलं आणि कुणाला एकूण किती गुण पडले, ते मात्र यादीसोबत छापत नाहीत. विषयवार गुण न दाखवता नुसता नंबर लिहिलेली गुणपत्रिका कुठला पालक मुकाट्यानं घेईल? एचसीएल या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रमुख रोशनी नाडर मल्होत्रा २०२३ मध्ये ६० व्या होत्या, २०२४ मध्ये ८१ व्या. एचसीएलचं नेमकं काय बिघडलं, की वरच्या वीसजणींचं काही सुधारलं, हे यादीवरून कळत नाही.

निर्मला सीतारामन यांचा प्रवासही असाच वाचावा लागतो. २०१९ मध्ये ३४, मग ४१, ३७, ३६, ३२ आणि २०२४ मध्ये २८. आपल्याकडे ‘झेप’ म्हणून मथळे झाले. पण देशाच्या अर्थव्यवस्थेचा आकार हा निकषांपैकी एक असेल, तर वाढत्या अर्थव्यवस्थेची अर्थमंत्री वर सरकणारच. त्यात अर्थसंकल्पाचं कौतुक शोधू नये. त्याच निकषामुळे लहान देशाच्या पंतप्रधानबाई कितीही कर्तबगार असल्या तरी त्यांना वर चढणं अवघड.

मोजमापात संस्था आणि व्यक्ती यांची गल्लत होते, हा मला सर्वांत मोठा दोष वाटतो. २०२२ पासून २०२४ पर्यंत पहिल्या दोन जागा त्याच : युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन आणि युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या अध्यक्ष क्रिस्तीन लगार्द. लगार्दबाईंचं बघा. युरो वापरणाऱ्या देशांचा व्याजदर त्या एकट्या ठरवत नाहीत. २०२४ मध्ये बँकेच्या नियामक मंडळात कार्यकारी मंडळाचे सहा आणि वीस देशांच्या मध्यवर्ती बँकांचे गव्हर्नर असे २६ सदस्य होते. मतं मात्र एका वेळी २१ : सहाजणांचं कायम, उरलेली १५ गव्हर्नरांमध्ये पाळीपाळीनं. त्यांतलं एक मत लगार्द यांचं. सूर ठरवण्यात, पत्रकार परिषदेत एका वाक्यानं बाजार हलवण्यात त्यांचं वजन अफाट आहे, हे खरंच. तरी यादी सगळ्या बँकेची ताकद त्यांच्या एकटीच्या नावावर जमा करते. फॉन डेर लायन यांचंही तेच : जुलै २०२४ मध्ये दुसऱ्यांदा निवड होताना त्यांना युरोपीय संसदेत ४०१ मतं जमवावी लागली, आणि आयोगाचं प्रत्येक मोठं विधेयक सदस्य देशांना व संसदेला पटवावं लागतं. सगळ्यांची मर्जी सांभाळत गाडा हाकण्याचं हे काम ‘जगातील पहिली’ या बिरुदात कुठे दिसत नाही.

क्रमांकांचा इतिहास बघितला की निकष किती लवचीक आहेत ते कळतं. यादी सुरू झाली २००४ मध्ये. पहिल्या अमेरिकेच्या तेव्हाच्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार कोंडोलिझा राइस, दुसऱ्या चीनच्या उपपंतप्रधान वू यी, तिसऱ्या सोनिया गांधी, म्हणजे कुठलंही मंत्रिपद नसताना. उलट २०२२ च्या यादीत सहा भारतीय महिला असूनही राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू त्यांत नाहीत. घटनात्मक प्रमुखाला कार्यकारी सत्ता नसते असं म्हणावं, तर ब्रिटनच्या राणी एलिझाबेथ यादीत असायच्या. २०१० मध्ये तर मिशेल ओबामा पहिल्या, गायिका लेडी गागा सातव्या आणि २००६ ते २००९ सलग पहिल्या असलेल्या जर्मनीच्या तेव्हाच्या चॅन्सेलर अँगेला मर्केल चौथ्या! जर्मनी एका वर्षात आक्रसला नव्हता. फुटपट्टी बदलली होती. पुढल्याच वर्षी मर्केल परत पहिल्या आल्या त्या थेट २०२० पर्यंत. २०२१ मध्ये तो मान मॅकेन्झी स्कॉट यांच्याकडे गेला, तो अब्जावधी डॉलर दान केल्याबद्दल.

शंभरावा क्रमांक तर वेगळाच प्रकार. २०१९ मध्ये तिथे हवामान-चळवळीतली ग्रेटा थुनबर्ग, २०२२ मध्ये इराणमध्ये कोठडीत मरण पावलेली महसा अमिनी, २०२३ मध्ये चक्क बार्बी बाहुली. संपादकांनी ती जागा प्रतीकासाठी राखल्यासारखी दिसते. त्यामुळे ‘शंभरजणी’ हे अक्षरशः घेऊ नये.

वर्षांची तुलना करतानाही जपून. यादीचा महिना कायम नव्हता. २०१६ ची जूनमध्ये आली, २०१७ ची नोव्हेंबरमध्ये. म्हणजे दोन याद्यांमध्ये वर्ष नव्हे, जवळपास दीड वर्ष. २०१८ पासून ती डिसेंबरात स्थिरावली. डिसेंबरातही गंमत होते : २०२० मध्ये कमला हॅरिस तिसऱ्या होत्या, अमेरिकेच्या उपराष्ट्राध्यक्षपदाची त्यांची शपथ व्हायची होती जानेवारी २०२१ मध्ये.

स्पर्धा परीक्षेसाठी वापरायची तर पहिल्या पाचजणी पद आणि देशासह पाठ करा (२०२४ : फॉन डेर लायन, लगार्द, इटलीच्या जॉर्जिया मेलोनी, मेक्सिकोच्या क्लाउडिया शेनबाम, जनरल मोटर्सच्या मेरी बारा), शिवाय त्या वर्षीच्या भारतीय महिला. २०२४ मध्ये त्या तीनच होत्या : सीतारामन २८, नाडर मल्होत्रा ८१, बायोकॉन या औषध कंपनीच्या किरण मजुमदार-शॉ ८२. क्रमांकापुढे वर्ष लिहिलं नाही तर तो निरुपयोगी. गाइडांमध्ये २०२३ आणि २०२४ ची सरमिसळ हमखास होते. ‘फोर्ब्सच्या यादीत’ एवढीच बातमी असेल तर कुठली यादी ते आधी तपासा. अब्जाधीशांची यादी वेगळी, तिशीच्या आतल्यांची वेगळी, फोर्ब्स इंडियाच्या स्वतःच्या याद्या आणखी वेगळ्या. फोर्ब्सच्या नावानं चालणारी कौन्सिलं तर वर्गणी भरून मिळणारं सदस्यत्व आहे, पुरस्कार नव्हे.

नुसत्या उद्योगातल्या महिला हव्या असतील तर १९९८ पासून निघणारी फॉर्च्यून या अमेरिकी मासिकाची यादी जास्त कामाची. क्रमांकांचा खेळच नको असेल तर बीबीसीची शंभर महिलांची यादी घ्या. २०१३ पासून निघते, क्रम लावत नाही, आणि खेळाडू, शास्त्रज्ञ, कार्यकर्त्या अशा फोर्ब्सच्या चाळणीतून गळणाऱ्या बायका तिथे भेटतात.

महिला दिनाचं पोस्टर छापायला टाकण्याआधी मात्र प्रत्येक नावापुढचं पद त्या संस्थेच्या संकेतस्थळावर एकदा बघाच. २०२३ च्या यादीत ७० व्या असलेल्या सोमा मंडल ‘सेल’ या सरकारी पोलाद कंपनीच्या अध्यक्षपदावरून त्याच वर्षी एप्रिलअखेर निवृत्त झाल्या होत्या. त्याच यादीत ४६ व्या असलेल्या बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना ऑगस्ट २०२४ मध्ये सत्ता गमावून ढाका सोडून गेल्या. अशी नावं ‘विद्यमान’ म्हणून फलकावर गेली की चूक फोर्ब्सची असो वा काळाची, बोल छापणाऱ्यालाच लागतो.