आईससॅट-२ चा लेझर अल्टिमीटर : उद्यमबागेतल्या गेजवाल्याचा रिव्ह्यू

⭐⭐⭐⭐ (५ पैकी ४)

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत क्वालिटीला आहे, दिवसभर हातात मायक्रोमीटर नाहीतर बोअर गेज, त्यामुळं मोजायचं कुठलंही यंत्र बघितलं की माझा प्रश्न एकच, पाच वर्षांनी किती सरकलंय? पहिल्या दिवशी काय, सगळीच गेज बरोबर दाखवतात की.

भाचीच्या कॉलेज प्रोजेक्टपायी नासाच्या या, लेझरनं जमिनीची-बर्फाची उंची मोजणाऱ्या सॅटेलाइटचा डेटा उघडला. फुकट आहे, फक्त अकाउंट काढायचं. ५०० किलोमीटरवरून हिरवा लेझर सेकंदाला १०,००० वेळा मारतंय, त्याचे सहा बीम करतंय आणि परत आलेले फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, एकेक करून मोजतंय, म्हणजे साधारण दर ७० सेंटीमीटरला एक शॉट. स्क्रीनवर आमच्या जिल्ह्यातल्या हिडकल धरणाचं पाणी आलं तेव्हा खरंच गप्प झालो, काठावरची झाडं म्हणजे नुसते विस्कटलेले ठिपके आणि मधे पाणी, दोरी ताणल्यासारखी एक बारीक रेघ. रात्रीचा पास (वरनं गेलेली फेरी) घ्या, दिवसा उन्हाचे फोटॉन लई घाण करतात.

खरं पहिल्या फटक्यात आकडा सहाशे मीटरच्या खाली आला! धरण भरलं की पातळी २१७५ फूट, म्हणजे ६६३ मीटरच्या आसपास, आणि मार्चमधी काय एवढं आटत नाही. भाची म्हणाली मामा तुमचं सॅटेलाइट बिघडलंय. बिघडलं काही नव्हतं, मीच इलिप्सॉइडवरची (पृथ्वीच्या गणिती गुळगुळीत आकारावरची) उंची समुद्रसपाटीवरची समजून बसलो होतो, आपल्या भागात दोन्हीत साठ मीटरहून जास्त फरक पडतो. डेटम, म्हणजे जिथनं मोजायचं तो शून्य, चुकवला की असंच, शॉपवर नवीन पोरांना रोज हेच सांगतो आणि स्वतः तिथंच पडलो.

आता टिकाऊपणा. याच्या आधीचं आईससॅट २००३ ला वर गेलं, तीन लेझर घेऊन, आणि पहिला साधारण ३७ दिवसांत बंद पडला. लेझरला ऊर्जा पुरवणाऱ्या डायोडमधल्या सोन्याच्या बारीक तारा इंडियमच्या सोल्डरनं खाल्ल्या. मग उरलेले दोन जपून जपून, एका वेळी महिनाभर, वर्षातनं दोन-तीनदा असे चालवत २००९ पर्यंत ओढले. आमच्याकडं जुनी ग्राइंडिंग मशीन अशीच चालते.

नवीन मात्र सप्टेंबर २०१८ ला वर गेलं, तीन वर्षांसाठी बनवलेलं, सात वर्षं झाली तरी मारतंयच. मधे २०२४ च्या मेमधी सौर वादळानं सेफ मोडला गेलं होतं, म्हणजे स्वतःला वाचवायला मोजणं थांबवलं होतं. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, निघालेल्या लेझरचा चिमूटभर अंश आतल्या आत डिटेक्टरवर वळवलाय, म्हणजे झिरो सरकला की तिथंच दिसतो. बाहेरची तपासणी वेगळी, अंटार्क्टिकात ८८ अंशावर लोक बर्फावरनं जीपीएस घेऊन फिरतात आणि त्या आकड्यांशी याचे आकडे लावून बघतात, फरक काही सेंटीमीटर. गेज तपासायचा मास्टर पीसच की तो! आमच्याकडं एक हाइट गेज पडलं आणि कुणी बोललंच नाही, आठवडाभराचा माल रिजेक्ट झाला होता.

एक स्टार कापला तो ढगांचा. जून ते सप्टेंबर, जेव्हा धरण भरतंय तेव्हाच, लेझर ढगातनं खाली येत नाही. त्यात आपल्या भागात बीम मुद्दाम इकडंतिकडं वळवतात, म्हणजे आज पाण्यावरनं गेलेली लाइन ९१ दिवसांनी तिथंच येईल असं नाही. बर्फासाठी बनवलंय, आपलं धरण वाटेत लागलं तर लागलं.

बेळगावला पाणी देणारं राकसकोप धरण त्याहून बारकं, तिथली पातळी मी अजून पेपरातच बघतो.